सायकलींसाठी मोटारीला टो बार निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. अचलपूर तालुक्यातल्या एका गावात मी क्रीडाशिक्षक आहे. शाळेतल्या मुलींना सायकल शर्यतींसाठी अमरावतीला, क्वचित नागपूरला नेण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मुली गाडीत बसतात. अडचण असते ती सायकलींची. टपावर बांधल्या तर वर चढवताना दोघीतिघींना जोर लावावा लागतो आणि रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांत हँडल अडकते. म्हणून गाडीच्या मागे टो बार बसवून त्यावर सायकलींचा कॅरिअर लावावा, असे मी ठरवले. पहिल्या वेळी मी निवडीत जी चूक केली, ती आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणे आहे.

टो बार म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला, बंपरच्या आत बसवलेली आडवी पोलादी दांडी आणि तिच्यातून बाहेर आलेली मान. या मानेच्या टोकाला बहुधा ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. मी मात्र तालुक्याच्या गावी एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून चौकोनी पाइपाचा हुक करून घेतला आणि तो बंपरच्या आतल्या पत्र्याला वेल्ड करून घेतला. पाइप जाड होता, काम नीटनेटके दिसत होते, आणि मला तेवढे पुरेसे वाटले. त्यानंतर तीन सायकली लादून आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघालो. घाट चढून गेल्यावर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा एका मुलीने मला वाकून पाहायला सांगितले. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी तांबूस रेघ उमटली होती, आणि सायकल हाताने दाबली की ती रेघ उघडत होती. सायकली तिथेच उतरवल्या. मागून दुचाकीवर एखादे कुटुंब येत असताना तो हुक सुटला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चूक समजून घेण्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली डोळ्यांसमोर आणावी. ट्रॉलीला स्वतःची चाके असतात; तिचा बहुतेक भार त्या चाकांवर असतो आणि हुकाला मुख्यतः ओढ सोसावी लागते. सायकलींच्या कॅरिअरला चाके नसतात. त्याचे सारे वजन गोळ्याच्या मागे लोंबकळत राहते, आणि प्रत्येक हिसक्यासरशी मान खाली वाकवली जाते. म्हणून 'हा बार हजार किलोची ट्रॉली ओढतो' असे विक्रेत्याने सांगितले, तरी सायकलींच्या दृष्टीने त्यातून फारसे काही कळत नाही. विचारायचे ते हे, की गोळ्यावर उभा भार किती चालतो. चांगल्या टो बारवर उत्पादकाची पट्टी असते आणि तिच्यावर इंग्रजी 'एस' अक्षरापुढे हा आकडा किलोमध्ये लिहिलेला असतो. 'डी' अक्षरापुढचा आकडा ओढीचा असतो. पट्टीच नसलेला बार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीच्या पुस्तिकेत गोळ्यावरच्या भाराची मर्यादा वेगळी दिलेली असेल, तर दोहोंपैकी लहान आकडा धरावा. आणि ती गाडी टो बारसाठी योग्य नाही असे पुस्तिकेत म्हटले असेल, तर तो विचार सोडून द्यावा.

आता हिशेब पाहू. मुलींना शाळेत जाण्यासाठी शासनाकडून मिळते ती साधी सायकल मी धान्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा ती १९ किलो भरली. कॅरिअर १८ किलोचा आहे. तीन सायकलींचे ५७ आणि कॅरिअरचे १८ मिळून ७५ किलो होतात, आणि पट्टीवर ७५ लिहिलेले असेल तर मर्यादा तिथेच संपते. शिवाय हे वजन मागच्या आसाच्या बरेच मागे असते. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर अडीच मीटर आणि सायकलींचा भार मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे धरला, तर मागच्या चाकांवर ७५ नव्हे, सुमारे ११२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून सुमारे ३७ किलो उचलले जातात. बैलगाडी उलार झाली की बैलांची काय अवस्था होते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. मोटार उलार झाली की स्टिअरिंग हलके पडते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. त्यात डिक्कीत सीएनजीची टाकी असेल, तर मागचा भार आधीच वाढलेला असतो. पावसाळ्यानंतरचे आपल्या भागातले खड्डे, काळ्या मातीत खचलेल्या कडा आणि पट्टे न मारलेले गतिरोधक लक्षात घेऊन, ७५ किलोच्या बारवर मी आता दोनच सायकली नेतो. तिसरीसाठी वेगळी सोय करतो.

बार कशाला बसवला जातो, हे त्याच्या जाडीपेक्षा महत्त्वाचे आहे. जीपसारख्या गाड्यांना स्वतंत्र चासी, म्हणजे तळाचा पोलादी सांगाडा, असते आणि तिच्यावर बार बोल्टने आवळता येतो. लहान मोटारींना अशी चासी नसते. तिथे तळाच्या दोन लांब पोलादी पन्हळ्यांना, उत्पादकाने नेमून दिलेल्या छिद्रांतूनच बार बसला पाहिजे. म्हणून आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी तयार केलेला बार घ्यावा. तो थोडा महाग पडतो, परंतु त्यात छिद्रे पाडावी लागत नाहीत आणि वेल्डिंगचा प्रश्न येत नाही. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर मानेची लांबी आधी मोजावी, कारण मान आखूड पडली तर कॅरिअर स्टेपनीला अडतो; शिवाय कॅरिअर लावल्यावर ते दार उघडत नाही. नाल्यावरचा रपटा उतरून वर चढताना गाडीची शेपटी आधी घासते, म्हणून बारची सर्वांत खालची कड जमिनीपासून किती उंच राहील, हेही घेण्याआधी पाहावे.

मान कायमची असावी की काढता येणारी, यावर पुष्कळ चर्चा होते. वर्षातून चार-पाच वेळाच सायकली न्यायच्या असतील तर काढता येणारी घ्यावी. फक्त तिच्या खोबणीला झाकण असावे, नाहीतर धूळ आणि चिखल बसून कुलूप धरत नाही.

सायकली लावल्या की नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. त्यासाठी कॅरिअरवर दिव्यांची पाटी आणि दुसरी नंबर प्लेट लागते, आणि त्या दिव्यांना गाडीतून वीज मिळावी म्हणून टो बारसोबत सात पिनांचे सॉकेट बसवावे लागते. मूळ वायर सोलून तिच्यावर टेप गुंडाळण्याचा उद्योग कोणालाही करू देऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, आणि याच कलमाच्या आधारे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने अनधिकृत क्रॅश गार्डवर, म्हणजे बंपरपुढे लावलेल्या पोलादी दांड्यांवर, कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी व उत्तर लेखी घ्यावे.

शेवटी वापराविषयी. ट्रॉलीच्या गोळ्याला ग्रीस लावतात. गोळा आवळून धरणाऱ्या सायकल कॅरिअरसाठी मात्र तो कोरडा लागतो, नाहीतर कॅरिअर गोल फिरतो. आमच्याकडे निघण्यापूर्वी एक मुलगी जुन्या सुती कापडाने गोळा पुसते, बोट फिरवून पाहते आणि मगच कॅरिअर चढतो. टो बारच्या प्रत्येक नटावरून त्याच्या खालच्या पोलादापर्यंत मी पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे. पहिल्या थांब्यावर मुली वाकून त्या रेघा पाहतात. एखादी रेघ मधेच सरकलेली दिसली, तर सायकली उतरवल्या जातात, नट पान्ह्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळला जातो, आणि रेघ पुन्हा नव्याने ओढली जाते.