‘पुट ऑफ’ आणि आपले ‘उद्यावर टाकणे’

श्रोतेहो, नमस्कार. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी मोठ्या आनंदाने घरी आला. ‘द एक्झाम हॅज बीन पुट ऑफ’ असा निरोप त्याला मिळाला होता, आणि दिव्याचे बटण ‘ऑफ’ केले की दिवा जातो, तशी परीक्षाच गेली, असे त्याने धरले होते. परीक्षा फक्त आठ दिवस पुढे ढकलली होती. रद्द झाली असती, तर ‘कॉल्ड ऑफ’ म्हटले असते. त्याला जणू अभ्यासातून सुट्टीच मिळाली होती, आणि मी त्याला ‘ऑफ’चा अर्थ आधी कधी नीट उलगडून दाखवला नव्हता, याची हळहळ मला आजही वाटते.

‘ऑफ’ म्हणजे मुळात दूर, वेगळे. 1611 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या बायबलच्या भाषांतरात देव मोशेला पायांतले जोडे काढायला सांगतो, तिथे ‘पुट ऑफ’ हेच शब्द आहेत: जोडे पायांपासून दूर करायचे. काम आजपासून दूर सारले, की ते लांबणीवर पडते; आणि ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणणाऱ्याचे मन त्या वासानेच जेवणावरून उडालेले असते. तिन्ही ठिकाणी अंतर पडते, म्हणून तीन अर्थ सुटे पाठ करण्यापेक्षा हे अंतर ध्यानात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

परक्या माणसाला अशी क्रियापदे फार अवघड जातात, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. मराठी माणसाने मात्र बिचकू नये, कारण आपणही काम ‘उद्यावर टाकतो’, आणि त्या ‘टाकण्या’त फेकणे कुठे असते?

एक नियम मात्र पाळावाच लागतो. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे चालतात, पण ‘मीटिंग’च्या जागी ‘इट’ आले, की ते मध्येच बसते: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ असे इंग्रज कधीच म्हणत नाही. पुढे क्रियापद आले, तर ते ‘इंग’ लावून येते. दातांच्या डॉक्टरांकडे जायचे टाळणारा म्हणतो, ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ आता माझ्याबरोबर मोठ्याने म्हणा, आणि जोर ‘पुट’वर न देता शेवटच्या शब्दावर द्या: पुट इट ऑफ.