सगळं इन्क्लुडेड, पण येतं कुठून?

[दृश्य: छोट्या बेटावरच्या रिसॉर्टची जेट्टी. बोटीतून उतरणारं जोडपं.]

मनगटावर तो रिसॉर्टचा पट्टा बांधला ना, की पुढचे सगळे दिवस पाकीट काढायचंच नाही. नाश्ता, जेवण, ज्यूस, कयाक, स्नॉर्कलिंगचा मास्क, संध्याकाळची बोटीतली चक्कर, सगळं आधीच भरलेल्या पैशांत. हे दोघं आत्ताच उतरलेत, लग्नाला बरीच वर्षं झालीत, दोघांच्या नोकऱ्या धावपळीच्या, आणि त्यांना अगदी हेच हवं होतं, की चार दिवस तरी "हे कितीला, ते कितीला" करत बसायला नको. यात चुकीचं काही नाही, दोघांना निवांत एकत्र बसायला मिळावं म्हणून ही पद्धत खरंच छान आहे.

पद्धत जुनी आहे तशी. १९५० साली जेरार ब्लिट्झ नावाच्या एका बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कुदियाला, समुद्रकाठी तंबू लावून सुट्टीचं गाव उभं केलं, तोच क्लब मेड. एकदाच पैसे भरा आणि मग विसरून जा. पुढे तिथे बारमध्ये नोटांऐवजी माळेतले मणी चालायचे, कारण पोहायच्या कपड्यांत पाकीट ठेवणार कुठे. त्या मण्यांच्या जागी आता हा पट्टा आलाय.

पण इथल्या पाटीवर ऑल इन्क्लुझिव्हच्या जोडीला अजून एक शब्द आहे, इको, म्हणजे निसर्ग जपणारं. आणि हे दोन शब्द एकमेकांना दोन दिशांना ओढतात. ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे मोजायचं नाही. आणि छोट्या बेटावर तर प्रत्येक गोष्ट मोजूनच वापरावी लागते, पाणी, वीज, डिझेल, कचरा ठेवायची जागासुद्धा. मग पाहुणा मोजत नसेल तर त्याच्या वाटचं दुसरं कुणीतरी मोजतंय. आपल्याला त्या माणसापर्यंत जायचंय.

[दृश्य: कॉटेज, आतून.]

आधी खोली. तो आत आल्या आल्या एसीचा रिमोट शोधतोय, आणि रिमोट नाहीये, कारण एसीच नाही. उंच छप्पर, खालून हवा आत येणार आणि गरम झालेली वरून निघून जाणार, समुद्राच्या बाजूची भिंत जवळपास अख्खी उघडी, वर पंखा, पलंगाला मच्छरदाणी. पहिल्या रात्री त्याला जड गेलं, हे तो कॅमेऱ्यासमोर सरळ सांगतो. तिला मात्र पहिल्या रात्रीपासून आवडलं, लाटांचा आवाज काचेच्या मागून नाही तर थेट येतो म्हणून.

एसी देऊच नये असं नाही, प्रश्न एवढाच की त्याची वीज कुठून आणायची. फ्रेंच पॉलिनेशियात टेटियारोआ नावाचं प्रवाळबेट आहे, मार्लन ब्रँडोने साठच्या दशकात घेतलेलं, तिथे २०१४ मध्ये द ब्रँडो नावाचं रिसॉर्ट सुरू झालं. त्यांनी नऊशे मीटरपेक्षा जास्त खोलीवरून समुद्राचं थंडगार पाणी पाइपने वर आणलंय आणि त्याच्या गारव्यावर खोल्या थंड करतात. एवढी खोली किनाऱ्याच्या जवळ मिळायला लागते, त्यामुळे हे सगळीकडे जमणारं नाही. जिथे जमत नाही तिथे उंच छप्पर आणि वारा, आणि माझ्या मते तोही कमीपणा नाही.

आता टॉयलेट. हो, ते पण दाखवणार, कारण बेटाचं खरंखोटं तिथेच कळतं. फ्लश नाही. बाजूला झाकणाची बादली आहे, तिच्यात नारळाच्या सोडणांचा भुसा आणि वाळकी पानं, आणि एक डबा. वापरून झालं की एक डबाभर भुसा वरून टाकायचा, झाकण लावायचं, बस. खालच्या कप्प्यातून एक पाइप छपराच्या वर गेलाय, तो वास ओढून घेतो, आणि खरंच वास येत नाही. पहिल्यांदा तिने दोन डबे टाकले, खात्री म्हणून. हे एवढं कशासाठी, तर प्रवाळाचं बेट चाळणीसारखं असतं, इथे शोषखड्डा केला तर त्यातलं पाणी झिरपून थेट लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ समुद्रात जातं, त्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ फोफावतं आणि प्रवाळ त्याच्याखाली गुदमरतो. म्हणजे ज्या रीफसाठी, प्रवाळाच्या खडकासाठी, लोक इतक्या लांबून येतात ती संडासाच्या पाण्यामुळेच जाऊ शकते.

[दृश्य: "फक्त कर्मचारी" पाटीच्या पलीकडे. पंपाचा आवाज.]

मागची बाजू बघता येईल का, असं तिनेच विचारलं. बहुतेक पाहुणे विचारत नाहीत, पण जिथे लपवण्यासारखं नसतं तिथे लोक आनंदाने दाखवतात हे नक्की. मेंटेनन्सचा माणूस हात पुसत बाहेर आला आणि दोघांना थेट पाण्याच्या खोलीत घेऊन गेला.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. ते काढायला पाणी अतिशय बारीक पडद्यातून दाबून काढावं लागतं, आरओ, आणि समुद्राच्या पाण्यासाठी तो दाब असतो ५५ ते ७० बार. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. पंप सुरू असताना त्या खोलीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो माणूस बोटांनी मीटर दाखवतोय. मोठ्या कारखान्यातसुद्धा एक हजार लिटर गोड पाण्याला तीन ते चार युनिट वीज लागते, इथल्या छोट्या मशीनला त्याहून जास्त. आणि आत घेतलेलं सगळं पाणी गोड होत नाही, निम्म्याहून जास्त तसंच परत जातं, आणखी खारट होऊन, ते नीट पसरेल अशा जागी सोडावं लागतं नाहीतर तिथल्या जिवांना त्रास.

मग विहीर खणायची ना, असं त्याने विचारलं. चांगला प्रश्न आहे. बेटाच्या पोटात पावसाचं गोड पाणी असतं, पण ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हलकं म्हणून. हिशोब असा बसतो की गोड पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल तर खाली जवळपास चाळीस फूट गोड पाणी असतं. ऐकायला भारी वाटतं, पण हे उलट बाजूनेही तसंच चालतं, उपसून वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकतं. एकदा विहीर खारी झाली की ती परत गोड व्हायला अनेक पावसाळे जातात. आणि त्या विहिरीवर फक्त रिसॉर्ट नसतं, बेटावर राहणारी माणसं पण असतात, नारळाची झाडं पण.

म्हणून पाऊस. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, इतकं सरळ गणित. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पन्नास मिलिमीटरची एक चांगली सर आली की पाच हजार लिटर, थोडं वाया जाणार ते धरा. छपरांची पन्हाळी, गाळण, जमिनीखालची टाकी, आणि टाकीवरचं झाकण तो माणूस स्वतः रोज तपासतो कारण डास तिथेच अंडी घालतात.

त्या खोलीच्या दाराला एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर मार्करने रोज लिहिलं जातं, टाकीत किती लिटर, आरओ किती तास चालला, डिझेल किती गेलं, सोलरचे युनिट किती, पाऊस किती. दोघं त्या बोर्डसमोर बराच वेळ उभे होते. तिने विचारलं, काल आमच्या कॉटेजला किती पाणी गेलं? त्याने आकडा सांगितला. दोघंही काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पोहून आल्यावर पायाची वाळू त्यांनी शॉवरखाली नाही, बादलीत धुतली.

[दृश्य: पाण्याखाली.]

आता ज्याच्यासाठी आलो ते. रीफवर डोकं पाण्याखाली घातलं की आधी आवाज येतो, कुरकुर, कुरकुर. तो पॅरटफिश. त्याच्या चोचीसारख्या दातांनी तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, सोबत चुनखडीही पोटात जाते, ती दळली जाते आणि मागून पांढऱ्या ढगासारखी बाहेर पडते. ती वाळू. एक मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू करतो, म्हणजे ज्या पांढऱ्या बीचवर या दोघांच्या आरामखुर्च्या आहेत त्यातली कितीतरी वाळू माशाच्या पोटातून आलेली आहे. त्यामुळे इथल्या किचनमध्ये पॅरटफिश येत नाही, आणि बुफेत तो दिसला तर त्या रिसॉर्टच्या नावातला इको खुशाल पुसून टाका.

रीफ नुसती दिसायला सुंदर नसते, लाटेचा जोर ती बाहेरच मोडते, जगभरची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात सरासरी ९७ टक्के जोर रीफवरच संपतो असं निघालं. ती गेली तर बीच जातो, बीच गेला तर कॉटेज.

गाइडने पाण्यात उतरायच्या आधी दोन गोष्टी बजावल्या, काहीही झालं तरी प्रवाळावर उभं राहायचं नाही, आणि अंगाला क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट घाला. पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली सनस्क्रीन प्रवाळासाठी बंद केलीत. पण नुसतं सनस्क्रीन बदलून रीफ वाचेल असं कुणी सांगितलं तर ते पुरेसं नाही. प्रवाळाला मारतंय ते तापलेलं पाणी. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एक अंश जास्त पाणी काही आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्यातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरात चौथ्यांदा असं घडतंय हे जाहीर झालं. या रीफवरही पांढरे पट्टे आहेत, आम्ही ते कट केलेले नाहीत.

आणि इथे विमानाचं बोलायलाच हवं. लांबून येणाऱ्या पाहुण्याच्या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात मोठा कार्बन बहुतेक वेळा विमानाचाच असतो, बांबूचा स्ट्रॉ वापरून तो भरून निघत नाही. यावर मला एकच बरा मार्ग दिसतो, कमी वेळा या आणि आलात की जास्त दिवस रहा.

[दृश्य: रात्र. अंबर रंगाचे दिवे.]

रात्री बीचवरचे दिवे पिवळट लाल, गुडघ्याखाली, आणि समुद्राकडची बाजू झाकलेली. कासवाची पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि क्षितिजावर जिथे उजेड जास्त तिकडे धावतात. लाखो वर्षं तो उजेड समुद्राचाच होता. आता हॉटेलचा पांढरा फ्लडलाइट असेल तर पिल्लं उलटी रस्त्याकडे जातात. म्हणून संध्याकाळी खुर्च्या उचलून मागे नेतात, मादीला वर यायला वाट मोकळी हवी. त्या दोघांनी आपली खुर्ची स्वतःच उचलली, आणि मोबाइलचा टॉर्च खिशातच ठेवला, सुरुवातीला चाचपडत चालले, पण थोड्या वेळाने डोळे सरावतात आणि मग चांदण्यात बरंच काही दिसतं.

बाथरूममधलं "टॉवेल परत वापरा, समुद्र वाचवा" हे कार्ड तुम्ही पण पाहिलं असेल. जे वेस्टरवेल्ड नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने असं कार्ड १९८३ मध्ये फिजीला पाहिलं, तेव्हा तिथेच बाजूला नवीन बांधकाम चाललं होतं, आणि १९८६ मध्ये त्याने या विसंगतीवर लिहिलं. कार्ड वाईट नाही, पण कार्डाच्या पलीकडे काय आहे ते विचारायचं.

काय असू शकतं ते बघायचं तर झांझिबारजवळचं चुंबे बेट. १९९४ मध्ये त्याची रीफ सरकारने संरक्षित केली, आधी मासेमारी करणारेच तिथे रेंजर झाले, पाहुण्यांसाठी बंगले फक्त सात, पाणी छपरावरचं, वीज सूर्याची, टॉयलेट कंपोस्टचं, जेवण राहण्याच्याच पैशांत. आणि त्या पैशांतून शाळेतली मुलं रीफ बघायला येतात, जिचं नाव ती लहानपणापासून ऐकतात पण जिच्यात कधी डोकं घातलेलं नसतं. बंगले सातच का, कारण बेटाला तेवढेच झेपतात. मला चुंबेचं हे सगळ्यात जास्त पटतं.

बुकिंग करताना हेच विचारा. बेटावर एकूण किती पाहुणे मावतात, सांडपाणी कुठे जातं, पाणी कुठून येतं, काम करणारे कुठले आहेत आणि त्यांच्या राहायच्या खोल्या कशा आहेत. उत्तर सरळ आलं तर जा.

[दृश्य: रिसेप्शन. बॅगा.]

निघताना त्यांनी फीडबॅकच्या फॉर्मवर एवढंच लिहिलं, की पाण्याच्या खोलीच्या दारावरचा तो बोर्ड रिसेप्शनला लावा, आल्या आल्या दिसेल असा. मॅनेजरने फॉर्म वाचला, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, लावते, पण पाहुण्यांना कळेल असं लिहायचं कसं ते सांगा, लिटर लिहू की बादल्या? तो म्हणाला बादल्या. त्याची बायको म्हणाली लिटर, आणि शेजारी कॉटेजचा नंबर. बोटवाल्याने दोनदा हाक मारली तरी तिघांचं ठरत नव्हतं.