नऊ इंचाचा मारवाडी

सकाळचे पावणेआठ वाजलेत आणि मी व्हिडिओ चालू केलाय. ओहायोमधल्या एका छोट्या गावातला हा हॉल, बाहेर गारठा आणि आत टेबलाटेबलांवर घोडेच घोडे. मॉडेलचे, आज त्यांची स्पर्धा, म्हणजे शो आहे. ती समोरची आजी बघा, एकेक घोडा मोज्यातून बाहेर काढतेय, हो, आपण पायात घालतो त्याच मोज्यातून, कारण रंगाला एक ओरखडा गेला की त्या घोड्याचं शोमधलं करिअर जवळपास संपतं. मीपण तेच करतेय. माझ्या मोज्यात मारवाडी जातीचा घोडा आहे.

हा छंद वाढला ब्रेयर कंपनीच्या घोड्यांवर. १९५० साली शिकागोत त्यांनी एका घड्याळासोबत बसवायला प्लॅस्टिकचा घोडा बनवला आणि लोक नुसता घोडाच मागायला लागले, तिथून सगळं सुरू. आता दर जुलैला केंटकीत लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये ब्रेयरफेस्ट भरतो, १९९० पासून. पूर्वी लोक फोटो काढून पोस्टाने पाठवायचे आणि त्यावर नंबर लागायचे. फोटो शो अजूनही होतात, पण घोडा हातात धरून हॉलमध्ये यायचं, त्याला लाइव्ह शो म्हणतात, आणि खरी मजा त्यातच आहे असं माझं ठाम मत आहे.

माझा घोडा कस्टममध्ये येतो, म्हणजे स्वतः बदल करून रंगवलेल्या घोड्यांच्या गटात. कंपनीतून आला तसाच ठेवलेला घोडा वेगळ्या गटात असतो, ओरिजिनल फिनिशमध्ये. मी एक जुनी, रंग उडालेली बॉडी स्वस्तात घेतली, एकास नऊ स्केलची, म्हणजे उंची साधारण नऊ इंच. पोटावरची जोडाची रेघ पॉलिशपेपरने घासून घासून घालवली, मान हीटगनने तापवून थोडी वर उचलली, कान कापून टाकले आणि एपॉक्सीचे नवे कान बसवले. रंग पेस्टल पावडरचा, एक पातळ थर, त्यावर सीलर, परत थर, असं करत करत सात महिने गेले. मधे एकदा उन्हात गाडीत राहिला आणि मागचा पाय वाकला, तेव्हा मी रडलेच होते. या घोड्यांचं प्लॅस्टिक म्हणजे सेल्युलोज अॅसिटेट, ते उष्णतेने मऊ होतं, त्यामुळे वाकतंही आणि गरम पाण्यात धरून सरळही करता येतं, मग लगेच गार पाण्यात. तसा केला सरळ. मग रंग पुन्हा.

क्लास, म्हणजे स्पर्धेतला एकेक गट, पुकारला की सगळ्यांनी आपापला घोडा रिंगमध्ये, म्हणजे मधल्या मोकळ्या टेबलावर नेऊन ठेवायचा आणि मागे सरकायचं. पायाला दोऱ्याने बांधलेला छोटा टॅग, त्यावर नंबर. जजबाई हात मागे बांधून वाकल्या, डोळे टेबलाच्या उंचीला आणले, छोटा टॉर्च लावला. पायांचं वजन नीट पडतंय का, खुराचा उतार त्याच्या वरच्या हाडाच्या उताराशी जुळतो का, दोन्ही डोळे सारखे आहेत का, सगळं बघतात. कोणी बोलत नाही. टेबलाला धक्का लागून एक घोडा पडला की शेजारचेही पडत जातात, त्यामुळे सगळे श्वास धरून असतात.

मारवाडीपाशी त्या थांबल्या. इथे मारवाडी बघितलेला माणूस क्वचित भेटतो, भारतातून हे घोडे बाहेर न्यायला बंधनं आहेत. म्हणून मी घोड्यासमोर कार्ड ठेवलंय, फोटोसकट, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, ते जातीचं लक्षण आहे, चूक नाही, असं त्यात लिहिलंय. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे आपल्याकडचा पंचकल्याण, तेही लिहिलंय.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. मी सहा-सात वर्षांची असताना आजोबा मला सारंगखेड्याला घेऊन जायचे, नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठावर, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा असते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आजोबांना घोडा घ्यायचा नसायचाच, पण तासनतास बघत उभे राहायचे. आधी पाय, मग कान, मग भोवरे. "घाई नको करू गं, त्याला चालू दे, मग बघ," म्हणायचे. आज जजबाई वाकून बघत होत्या ना, तेव्हा मला तेच आठवत होतं, धूळ, गुळाचा वास, आणि आजोबांचा हात माझ्या डोक्यावर.

दुसरा नंबर आला. लाल रिबन! पात्रता शोमध्ये पहिल्या दोघांना नॉर्थ अमेरिकन नॅशनल्स या मोठ्या स्पर्धेत उतरायचं कार्ड मिळतं, ते माझ्या हातात आहे, आणि हो, हात थरथरतोय म्हणून कॅमेरा हलतोय.

दुपारी परफॉर्मन्सचे क्लास झाले, खोगीर, लगाम, स्वार सगळं मापात, दोन मिलिमीटरच्या चामड्याच्या पट्टीला उघडझाप होणारं बक्कल केलेलं होतं एकीने, मी तिथून हलेचना. त्यावर वेगळा व्हिडिओ करायलाच पाहिजे.

रात्री शहाद्याला मामांना फोटो पाठवले, तिकडे सकाळ. लगेच व्हिडिओ कॉल.

"घोडा झकास केलास गं. कान बरोबर. पण देवमण कुठंय?"

देवमण म्हणजे गळ्यापाशी केसांचा भोवरा, असला की घोडा फार शुभ मानतात. जजबाईंना माहीत नव्हता, आणि मी, आजोबांची नात, विसरले.

"मामा, राहिला."

"मग कर की. अजून वेळ आहे ना तुझ्या मोठ्या स्पर्धेला?"

आहे. एपॉक्सी मळून टेबलावर ठेवलीय, सुईने एकेक केस ओढतेय. मामा फोनवरच आहेत, "जरा वर घे, अजून जरा वर," म्हणतायत.