जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन: नेमकं कुठं फसतं?

[बॉनेट उघडं, कॅमेरा ग्रिलसमोर]

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अजून बऱ्याच वाड्यांत जुनी पेट्रोल जीप उभी दिसते. आणि विचारणारे सगळे एकच विचारतात: हिला डिझेल इंजिन बसेल का?

बसतं की. पण मिस्त्री "चार दिवसांत बसवून देतो" म्हणतो, ते फक्त इंजिन चेसीसवर टेकवण्यापुरतं. जीप नंतर रस्त्यावर नीट चालणार की नाही, हे इंजिनच्या मागं ठरतं. बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणात ठरतं, आणि क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे अॅक्सलमधल्या दातेरी जोडीत.

त्याआधी कागद. हा भाग पुढं ढकलू नका.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर एक आणि गाडीत दुसरं, असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन आणि इंधन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आधी घ्यायची, आणि काम झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर याबाबत कार्यालयं कडक झाली आहेत. म्हणून लेखी मंजुरी हातात येईपर्यंत पान्याला हात लावू नका. गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) ची असेल तर आधी एनओसी आणून केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिक्कोडी) मध्ये नोंद करा, इंजिनचा अर्ज त्यानंतर. दोन्ही एकदम काढलं की चेसीस प्रिंट एक आणि इंजिन नंबर भलताच, असा घोळ होतो. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकतो.

आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चेसीस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे डिझेल घातलंत की तो रस्ता बंद. तुमच्या जीपमध्ये मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन चालू स्थितीत असेल, तर आमचं स्पष्ट मत: काढू नका. ब्लॉक फुटलेला असेल, हेड मिळत नसेल, तर पुढचं ऐका.

आता गाडी. आपण सीजे-३बी धरून चालू. अमेरिकेच्या विलीज कंपनीनं ही १९५३ ला आणली, आणि महिंद्रानं परवान्यावर आपल्याकडं कितीतरी वर्षं बनवली. आत २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच, आणि म्हणूनच या मॉडेलचं बॉनेट उंच. डिझेलवाल्यांना हे फायद्याचं, कारण वर जागा आयती मिळते. अडचण खाली होते.

इंजिन कुठलं? आपल्याकडं सहज दिसतात ती दोन. एक प्युजो एक्सडीपी, २११२ सीसी, एमएम ५४० मध्ये यायचं ते. फिरायला मोकळं, पण इनडायरेक्ट इंजेक्शन, त्यामुळं थंडीत ग्लो प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारे) चांगले हवेत. दुसरं महिंद्राचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, २५२३ सीसी. ओढ खालीच मिळते, दुरुस्ती कुठल्याही गावात होते, पण आवाज आणि थरथर जास्त. शेताच्या आणि जंगलाच्या रस्त्यासाठी आम्ही डीआय घेऊ.

जुनं इंजिन घेताना ते चालू करूनच बघा, तेही थंड असताना. ऑइलचं झाकण काढून हात धरा. फुसफुस वाफ जोरात येत असेल तर रिंगा गेल्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. इंजिन नंबर घासलेला दिसला तर किंमत विचारायचीसुद्धा नाही, सरळ परत फिरा.

घेताना सेट घ्या: इंजिन, बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, सेल्फ, माउंटिंग, सगळं एकाच गाडीचं. सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगेत बसतं, आणि ते अंतर बेल हाउसिंग ठरवतं. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जुळवलेत की रिंगेचे दात महिन्यात जातात.

[फळ्यावर आकडे]

आता गणित. सीजे-३बी चा अॅक्सल रेशो ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. म्हणजे क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. पेट्रोल इंजिन ४००० आरपीएमपर्यंत जायचं, म्हणून हे चालायचं. डीआयला ३००० च्या वर ताणण्यात अर्थ नाही. ६.००-१६ टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. टॉप गिअर सरळ एकास एक. म्हणजे ३००० आरपीएमला ताशी ७४ किलोमीटर, आणि इंजिन किंचाळतंय. हायवेला ट्रक हॉर्न देत मागं लागणार.

तोच हिशेब ४.८८ ला केला तर ८१, आणि ४.२७ ला ९३. या अॅक्सलना हे रेशो बसतात. शेत, डोंगर आणि थोडा हायवे असेल तर ४.८८ पुरे. नुसता हायवे असेल तरच ४.२७, कारण घाटात पहिल्या गिअरला ताकद कमी पडते. पण काहीही घाला, पुढं आणि मागं एकच रेशो. मागचा बदलला आणि पुढचा तसाच ठेवला, तर फोर-व्हील टाकताच पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढं-मागं ताकद वाटणारी पेटी) फुटते. डिफचं, म्हणजे अॅक्सलच्या मधल्या गोळ्याचं झाकण उघडून दात मोजा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. आणि हो, रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं. त्याचा छोटा गिअर बदलावा लागतो.

आता ज्यात सगळे फसतात ते.

[कॅमेरा जवळ: फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँड, डायल गेज]

क्रॅंकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. मूळ टी-९० गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मध्ये अडॅप्टर प्लेट लागते, आणि ती कटरनं कापून, डोळ्यानं जुळवून बसवतात. तिथंच माती होते. बेळगावच्या उद्यमबागमधल्या चांगल्या मशीन शॉपकडून प्लेट करून घ्या, डॉवेल पिनांसकट (प्लेट नेमकी जागेवर धरणाऱ्या पिना). मग क्लच बसवायच्या आधी डायल गेजचा (बारीक फरक दाखवणारं मापक) चुंबकी स्टँड फ्लायव्हीलला चिकटवा, गेजचं टोक बेल हाउसिंगच्या गोल भोकाच्या आत टेकवा आणि क्रॅंक हातानं एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलला तर ऑफसेट डॉवेल (मध्य किंचित सरकवणारी पिन) घाला.

हे तपासलं नाही तर काय होतं? क्लच सोडताना गाडी हादरते. टॉप गिअर आपोआप सुटतो. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) दोन-तीनदा बदललं तरी आवाज जात नाही. मग मालक गिअरबॉक्सला शिव्या देतो, आणि दोष प्लेटचा असतो.

चार गिअरचा केएमटी-९० गिअरबॉक्स घेणार असाल तर तोही इंजिनसोबतच्या बेल हाउसिंगसकट घ्या. मग ट्रान्सफर केसची जागा सरकते, दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. या जीपचा व्हीलबेस फक्त ८० इंच, मागचा शाफ्ट आधीच आखूड. गाडी जमिनीवर उभी असताना शाफ्टच्या स्लाइडिंगला, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या जोडाला, दोन्ही बाजूंनी निदान २५ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. शाफ्ट कापून वेल्ड केला की बॅलन्सिंग करा.

खालची अडचण म्हणजे ऑइल चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) आणि पुढचा अॅक्सल. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पूर्ण दाबून बघायचं. जॅक लावून पुढचा अॅक्सल बंप स्टॉपपर्यंत (अॅक्सल अडवणाऱ्या रबरापर्यंत) उचला, तेव्हा डिफचा गोळा चेंबरला लागला नाही पाहिजे. लागत असेल तर चेंबर कापून घ्या, पण ऑइलची पातळी आणि पिकअपची जाळी यांचा हिशेब ठेवून. इंजिन वर उचललं तर फॅन रेडिएटरच्या मध्यावर येत नाही, हेही लक्षात असू द्या.

माउंटिंगची पट्टी ६ मिलिमीटरची, रबरासकट. आधी फक्त टाके मारा, सगळं जुळलं की मगच पूर्ण वेल्ड. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा. डिझेल जड आहे, पुढचे पाटे बसतात. एखादा पाटा वाढवावा लागतो. पुढच्या क्रॉस मेंबरजवळ चेसीसला चीर आहे का, तार-ब्रशनं रंग खरवडून बघा. आपल्या लाल मातीचा लेप चिरा छान लपवतो.

रेडिएटर जुनाच ठेवला तर बेळगावात गाडी थंड राहील आणि चोर्ला घाटात उकळेल. हळू वेग, पूर्ण ओढ, समोरून हवा नाही. जास्त रांगांचा कोअर घाला, फॅनभोवती पत्र्याचा शराउड करा, आणि फॅन व कोअरमध्ये २०-२५ मिलिमीटर अंतर ठेवा.

इंधनाचं: पेट्रोलची टाकी काढून आतून साफ करायचीच. गंजाचा कण पंपात गेला की पंप आणि नोझल दोन्हीचा खर्च. डिझेलला परतीची लाइन लागते, ती टाकीच्या वरच्या भागात जोडा. जुने पेट्रोलचे रबरी पाइप फेकून द्या, त्यांतून हवा ओढली जाते. गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते ना, ती हीच हवा. हवा काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी सेल्फ मारत नोझलचे नट. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. या क्रमानंच.

आता एक गोष्ट, जी पहिल्या पावसात कळते. या जीपचे मूळ वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्यूम नसतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात काच पुसायलाच काही नाही, अशी वेळ येते. म्हणून १२ व्होल्टची वायपर मोटर आधीच लावा. ब्रेकला बूस्टर घालायचा असेल तर व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटर हवा.

बॅटरी ८०-९० अॅम्पिअर-अवरची, आणि इंजिनपासून चेसीसला जाड अर्थ. अर्थ विसरलात तर सेल्फचा करंट अॅक्सिलरेटर केबलमधून जातो आणि केबल लाल होते.

किल्ली बंद केली म्हणून डिझेल बंद होत नाही. पंपाला स्टॉप केबल किंवा सोलेनॉइड लावा, आणि ते चालतंय हे पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी तपासा. त्या दिवशी हाताशी एक सपाट फळी ठेवा. चेंबरमध्ये ऑइल जास्त भरलेलं असेल, तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं. मग केबलचा उपयोग नाही, हवेचं तोंड फळीनं दाबून बंद करायचं. हात लावायचा नाही, कापड तर नाहीच.

एअर क्लीनरचं तोंड बॉनेटच्या उंचीला घ्या. ओढ्यात डिझेलनं पाणी ओढलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर माउंटिंगचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शाफ्टचे नट पुन्हा आवळा. ५०० ला ऑइल आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदला, आणि काढलेला फिल्टर कापून बघा. आत तांबूस कण दिसले, तर टाकी पुन्हा उतरवायची.