मधले महिने आणि पहिली परदेशवारी

मंडळी, आज समोर दोन तऱ्हेची माणसं बसली आहेत. पदवी किंवा आयटीआय संपवून नोकरीची वाट पाहणारी मुलंमुली, आणि पेरणी आटोपून, आज दुपारचं डवरणीचं काम बाजूला ठेवून आलेले त्यांचे आईवडील. "पोरगं सध्या काय करते?" हा प्रश्न या महिन्यांत घराघरांत टोचतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे महिने लपवायचे नाहीत, वापरायचे आहेत. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा किंवा मुलगी या काळात परदेशातल्या डोंगरात जाऊन सुखरूप परत येऊ शकते. हिंमत आपल्या पोरांत पुरेशी आहे. अडतं ते कागदावर, रक्ताच्या एका तपासणीवर आणि चुकीच्या महिन्यावर. म्हणून आज त्याच तीन गोष्टींवर जास्त वेळ देणार आहे.

कागदापासून सुरुवात करू. ३६ पानांच्या पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो. अर्ज ऑनलाइन भरायचा. नागपूरला पासपोर्ट सेवा केंद्र आहे, आणि काही जिल्ह्यांच्या मुख्य टपाल कचेरीतही ही सोय झाली आहे. गोंधळ होतो तो नावात. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, एखाद्या दाखल्यावर वडिलांचं नावच नाही, आणि स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं. अर्जात दोन रकाने असतात. पहिल्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, दुसऱ्यात फक्त आडनाव. आडनावाचा रकाना कोरा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून पर्यटक व्हिसा देणं बंद केलं आहे. स्पेलिंग जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा.

दुसरी अडचण पत्त्याची. अमरावतीला किंवा नागपूरला खोली करून राहणारी मुलं गावचा पत्ता टाकतात. पोलीस चौकशीला गावात जातात, पोरगं तिथे नसतं, आणि अहवाल प्रतिकूल जातो. सध्या जिथे राहता तोच पत्ता टाका. दहावी पास असल्याचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का लागत नाही. पुढे कामासाठी आखाती देशांत जायची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो.

आता कुठे जायचं? पहिली वारी नेपाळची करा, आणि तीही जमिनीवरून. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, दोन्हींपैकी एक चालतं. आधार कार्ड मात्र १५ ते ६५ या वयातल्या माणसाला चालत नाही. हे माहीत नसल्यामुळे विमानतळावरून परत फिरावं लागतं. नागपूरहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे. तिथून बसने सुनौली, सीमा पायी ओलांडायची, आणि पलीकडून पोखरा या शहराची बस. घाटात रस्ता खराब असतो, त्यामुळे अख्खा दिवस जातो असं धरून चला. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे सीमेवर कोणी दुसरा दर सांगितला तर पुढे चालू लागा. मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे बदलत राहिले आहेत, म्हणून १०० च्या नोटा जवळ ठेवा.

पोखरा समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, आणि तिथून चालत जाता येईल असा अन्नपूर्णा बेस कॅम्प, म्हणजे अन्नपूर्णा शिखराच्या पायथ्याचा तळ, ४,१३० मीटरवर. आपल्या विदर्भातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे चिखलदऱ्याजवळचं वैराट, १,१७८ मीटर. याचा अर्थ आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीराला विरळ हवा म्हणजे काय हे ठाऊकच नाही. २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि तो तालमीत कमावलेल्या पोरालाही होतो, कारण ताकदीचा आणि त्याचा संबंध नाही. संबंध आहे तो चढण्याच्या वेगाशी. ३,००० मीटरच्या पुढे आदल्या रात्रीपेक्षा झोपण्याची जागा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवायचा. या वाटेवर हा हिशेब असा बसतो: छोम्रोंग २,१७० मीटर, दोभान २,६००, देउराली ३,२००, माछापुच्छ्रे बेस कॅम्प ३,७००. चौथी रात्र तिथेच काढा. पहाटे उठून अन्नपूर्णा बेस कॅम्प पाहा आणि खाली या. बरेच जण देउरालीहून एका दमात ४,१३० ला जाऊन तिथेच झोपतात. एका दिवसात ९०० मीटर! डोकेदुखी, मळमळ आणि रात्रभर जागरण यातूनच येतं.

डोकं दुखतंय आणि भूक गेलीय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी दम लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठत आहे असं समजा आणि लगेच खाली उतरा. रात्र असली तरी. सकाळपर्यंत पाहू, हे वाक्य अशा वेळी जीव घेतं. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, प्रतिबंधासाठी दिली जाते, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि आता ती रक्ताची तपासणी. पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंगच्या माहितीत ही फारशी सापडणार नाही, पण आपल्या भागात ती पहिली हवी. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आदिवासी समाजात तर आहेच, पण तिथेच थांबत नाही. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे अहवालात 'एसएस' आहे, त्याने उंचावर जाऊ नये. ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या अडवतात. 'एएस' म्हणजे वाहक. वाहक माणूस गावात ठणठणीत असतो, शेतात राबतो, त्याला कधी काही जाणवत नाही. पण उंचीवर क्वचित वाहकाच्याही पानथरीचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखायला लागतं. लोक त्याला गॅस समजतात आणि अँटासिड घेऊन चढत राहतात. वाहकाने डॉक्टरांशी बोलूनच उंचीचं ठरवावं, आणि वर असं दुखलं तर थेट खाली उतरावं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ च्या जुलैपासून सुरू आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. साध्या चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पुढची चाचणी करून एएस की एसएस ते कळतं. तिकीट काढण्याआधी हा अहवाल हातात घ्या. त्याच सुईत हिमोग्लोबिनही पाहून घ्या, मुलींनी तर नक्कीच. एसएस आलं म्हणून परदेश बंद होत नाही. डॉक्टरांना विचारून समुद्रकाठचे देश निवडा, डोंगर सोडा.

महिना कोणता? नेपाळात चालण्याचे दोन हंगाम, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. हिवाळ्यात आणि वसंतात देउरालीच्या आसपास हिमप्रपाताचा धोका असतो. २०२० च्या जानेवारीत तिथेच कोरियन ट्रेकर आणि नेपाळी वाटाडे गाडले गेले होते. बर्फ असेल तेव्हा तो टप्पा सकाळी लवकर ओलांडायचा, ऊन चढल्यावर नाही. ऑक्टोबरचा धोका वेगळा आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. बंगालच्या उपसागरातलं वादळ, जे आपल्या सोयाबीनच्या गंजीवर पाणी पाडतं, तेच पुढे हिमालयात बर्फ होऊन कोसळतं. २०१४ मध्ये हुदहुद वादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं, आणि दोनच दिवसांनी नेपाळात ५,४१६ मीटरच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा हवामान खात्याचा वादळाचा इशारा जसा मळणीसाठी पाहता, तसाच वाटेवरही रोज पाहा, आणि इशारा असला तर दोन दिवस खालच्या गावात बसून राहा. माझा सल्ला दिवाळीनंतरचा. सोयाबीन घरात आलेलं असतं, नेपाळातली दसऱ्याची गर्दी ओसरलेली असते, आकाश स्वच्छ असतं. रात्री थंडी कडक पडते, तेवढी सोसायची. कापूस वेचणीचं घरी आधीच बोलून घ्या.

म्हणजे तयारीला अजून पुरेसे महिने आहेत. बूट आत्ताच घ्या आणि दीड-दोन महिने घालून फिरा, नवे बूट वाटेवर पहिल्या दोन दिवसांत टाचा सोलतात. पाठीवर आठ किलो घेऊन जिने चढा आणि उतरा, कारण गुडघे उतरताना जातात. महिन्यातून एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चालत चढा, पण उजेडात, रस्ता न सोडता. तो व्याघ्रप्रकल्पाचा परिसर आहे. आपण कापसाच्या मुलखातले असलो तरी डोंगरात सुती बनियन आणि जीन्स नको. घामाने ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. पॉलिस्टरचे टी-शर्ट, लोकरी मोजे, पावसाचं जॅकेट एवढं विकत घ्या. पिसांचं जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्यात भाड्याने मिळते.

खर्चाचा अंदाज सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरला वाटाड्या बंधनकारक केला आहे. चौघांनी मिळून एक वाटाड्या घेतला, तर रेल्वे, बस, परवाने, नऊ दिवसांचं जेवण-मुक्काम, विमा आणि भाड्याचं सामान धरून माणशी चाळीस हजारांच्या आसपास जातात. वर पंधरा हजार राखीव ठेवा. अन्नपूर्णा परिसराचा परवाना भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांत मिळतो, इतरांना ३,००० पडतात, म्हणून एजंटाकडून पावती मागून घ्या. लॉजमध्ये खोली स्वस्त असते, पण जेवण तिथेच घ्यावं लागतं. डाळ-भात घ्या, पुन्हा वाढतात. पोखऱ्यानंतर एटीएमचा भरवसा धरू नका. बँकेचं कार्ड निघण्यापूर्वी परदेशी वापरासाठी सुरू करून घ्या, ते आपोआप सुरू नसतं. ओटीपी येण्यासाठी घरच्या सिमचं रोमिंगही चालू असू द्या. विम्यात किती मीटरपर्यंतचं ट्रेकिंग धरलं आहे ते वाचा, आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन करा. आधी हेलिकॉप्टर आणि मग फोन, असं केलं की दावा अडकतो आणि लाखांचं बिल घरी येतं.

नेपाळनंतर बऱ्याच मुलांना व्हिएतनाममध्ये मोटारसायकल चालवायची असते. आरटीओतून १,००० रुपयांत आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, वर्षभर चालतो. पण आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा मागतं. भाड्याने गाडी तरीही मिळते. अपघात झाला की मात्र विनापरवाना ठरता आणि विमा हात वर करतो. तिथे चालकासह मागच्या सीटवर बसून फिरा. थायलंडमध्ये आपला परवाना चालतो, मात्र मूळ लायसन्स दुचाकीचं असलं पाहिजे.

ज्यांना जास्त दिवस राहून खर्चापुरतं कमवायचं आहे त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांना वर्षाला १,००० वर्क अँड हॉलिडे व्हिसा खुले केले आहेत. वय १८ ते ३०, निवड सोडतीने, नोंदणी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. बारावीनंतरचं दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजी आणि खात्यात सुमारे ५,००० डॉलर लागतात. ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक काम केलं तर दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो, आणि फळतोडणी त्या कामांत मोडते. वरूड-मोर्शीच्या पोरांना ते काम शिकवावं लागणार नाही. ब्रिटनची अशीच योजना पदवीधरांसाठी आहे, वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षांपर्यंत मुक्काम, सोडतीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत. सोडतीत नाव लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक आहे.

पालकांनी हे नीट ऐकावं. "पर्यटक व्हिसावर या, बँकॉकला डेटा एन्ट्रीचं काम देतो" असं सांगून मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं जातं, पासपोर्ट काढून घेतला जातो आणि ऑनलाइन ठकवणुकीच्या कामाला जुंपलं जातं. २०२५ च्या मार्चमध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना तिथून वायुसेनेच्या विमानांनी परत आणावं लागलं. पर्यटक व्हिसावर नोकरी नसते, कुठेच नसते. एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

निघण्याच्या दिवशी एक कागद घरी ठेवा. त्यावर पासपोर्टचा क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि फोन, वाटाड्याचा फोन, कोणत्या तारखेला कोणत्या गावात मुक्काम, आणि काठमांडूच्या भारतीय दूतावासाचा नंबर. वर रेंज नसते, त्यामुळे कोणत्या दोन-तीन दिवशी फोन लागणार नाही तेही लिहा, म्हणजे आई उगाच रात्र जागणार नाही. ठरलेल्या तारखेनंतर ४८ तास फोन आला नाही तर आधी वाटाड्याला, मग विमा कंपनीला, मग दूतावासाला, या क्रमाने लावायचा. हा क्रम घरातल्या एकाने तरी वाचून, समजून घेतलेला असला पाहिजे.