नेसवलेला देव

मंडळी, मागच्या पडद्यावर जे चित्र आहे ते आधी दोन मिनिटं नुसतं पाहा, मग बोलू.

क्रुसावर येशू आहे, हे लगेच कळतं. आता कमरेला काय आहे ते पाहा. युरोपातल्या चित्रांत तिथे कापडाची एक चिंधी असते, वाऱ्यावर उडणारी किंवा रक्ताने भिजलेली. इथे लेसचा पांढराशुभ्र घेरदार घागरा आहे. दोन्ही बाजूंना फुलदाण्या, समोर मेणबत्त्या. आणि कडेला बाजूला सारलेले पडदे. येशूला जिथे क्रुसावर दिलं त्या कालवारीच्या टेकडीवर पडदे कुठून आले? चित्रकाराने काढली आहे ती वेदीवरची मूर्ती. नेसवलेली, सजवलेली, दर्शनाला मोकळी केलेली मूर्ती.

ही मूर्ती पेरूमधल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये आहे. स्पॅनिशमध्ये तिला सेन्योर दे लोस तेम्ब्लोरेस म्हणतात, भूकंपांचा स्वामी. केचुआ ही तिथली जुनी भाषा बोलणारे भक्त म्हणतात तायताचा. ‘तायता’ म्हणजे बाप आणि ‘चा’ हा मायेचा प्रत्यय. विठ्ठलाचा आपण विठू करतो ना, तसंच. ३१ मार्च १६५० रोजी कुस्कोत प्रचंड भूकंप झाला, चर्चं आणि घरं कोसळली, धक्के थांबेनात. तेव्हा लोकांनी ही मूर्ती चौकात आणली आणि धक्के निवले, अशी तिथली श्रद्धा. तेव्हापासून तो गावाचा राखणदार. स्पेनच्या पाचव्या चार्ल्स बादशहाने मूर्ती तिकडून पाठवली, असं सांगतात. तपासणीत मात्र ती तिथलीच निघाली, कापड, लगदा आणि घायपाताच्या जातीच्या झाडाचा गाभा वापरून घडवलेली. मला ही गोष्ट फार आवडते. जो आपल्याला वाचवतो तो आपल्याच मातीतला असणार.

अशा मूर्तींची चित्रं सतराव्या-अठराव्या शतकांत घराघरांत आणि गावोगावच्या चर्चमध्ये गेली. आपल्याकडे पंढरपूरच्या मूर्तीची तसबीर जाते तशी. एका शहरातल्या मूर्तीचं सान्निध्य दूरच्या खेड्यात पोचवायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे मेणबत्ती, पडदा, लेस यांतलं काहीच चित्रकार गाळत नाही. गाळलं तर तो ‘तो’ राहणार नाही.

माझं म्हणणं आज एवढंच आहे. या चित्रांतली भावना चेहऱ्यात शोधायला गेलात तर थोडीच सापडेल. ती वस्त्रात आहे.

त्याच काळातली युरोपीय बरोक शैलीची चित्रकला भक्ताला कळवळायला लावते ती शरीरातून. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये सांगितलं की चित्रांनी लोकांना शिकवावं आणि भक्तीला प्रवृत्त करावं. मग चित्रकारांनी जखमा रंगवल्या, वर वळलेले डोळे रंगवले, दुःखी मातेच्या काळजात तलवार रंगवली. बायबलमध्ये शिमोन नावाच्या भक्ताने येशूच्या आईला, मरियेला, सांगितलं होतं, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. ते शब्द कॅनव्हासवर जसेच्या तसे उतरले. कुस्कोच्या चित्रकारांनीही हे सगळं काढलं. पण त्यांचा जीव जिथे गुंतलेला दिसतो ते लेस, जर, झालर, फुलं. चेहरा शांत, जवळजवळ कोरा. भक्तांनी देवाला काय नेसवलं, ते इथे बोलतं.

अँडीजच्या डोंगराळ मुलखात, जिथे कुस्को आहे, कापड ही साधी गोष्ट नव्हती. स्पॅनिश येण्याआधी तिथे इंकांचं राज्य होतं. त्यात बारीक विणीचं वस्त्र हा मोठ्यात मोठा मान होता, सोन्याहून मोठा. आणि मेलेल्या इंका राजांचे जतन केलेले देह उत्तम वस्त्रं नेसवून सणासुदीला कुस्कोच्या चौकात आणत, त्यांना खाऊपिऊ घालत. १५५९ मध्ये पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने ते देह शोधून जप्त केले. त्यानंतर शतकही लोटलं नव्हतं, आणि त्याच शहरात नेसवलेला तायताचा खांद्यावरून चौकात आला. मी इथे ‘जुना धर्म नव्या वेषात’ असं सोपं सूत्र मांडणार नाही. त्या चौकातल्या म्हातारीने क्रूस खऱ्या मनाने धरला होता, असंच मी मानते. पण नेसवलेल्या पूर्वजासमोर कसं उभं राहायचं, हे तिच्या शरीराला आधीपासून ठाऊक होतं.

आता कुस्कोचे चित्रकार हे शिकले कुठून? बेर्नार्दो बित्ती नावाचा इटालियन येशूसंघीय (जेझुइट) चित्रकार १५७५ मध्ये पेरूतल्या लिमाला पोचला आणि पुढे कुस्कोतही राबला. पण माणसांपेक्षा कागद जास्त फिरले. आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पच्या छापखान्यांतली कोरीव चित्रं गठ्ठ्यांनी समुद्रापार जात. इथे आपला धागा जुळतो. त्याच अँटवर्पमध्ये छापलेलं बहुभाषी बायबल गोव्याहून निघालेल्या येशूसंघीयांनी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराला भेट दिलं आणि मुघल चित्रकारांनी असल्या छापील चित्रांवरून नकला केल्या. पुढे १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओवीत. युरोपातून आलेली कथा आणि इथल्या माणसाच्या कानात बसलेला छंद. कुस्कोच्या चित्रकाराने तेच केलं. त्याचा छंद जरतारीचा होता.

ती जर कशी, तेही सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. चित्र रंगवून पुरं झालं की वरून सोन्याचा वर्ख लावून नक्षी उठवत. या कामाला ब्रोकातेआदो म्हणतात. पैठणीवरची जर घडीबरोबर मोडते, सुरकुतीत दडते. इथली नक्षी मोडतच नाही. मरियेचा पाय पुढे असो, झगा वळलेला असो, सोन्याची फुलं सपाट, सरळ, एका रांगेत. युरोपीय नजरेला हे कच्चेपण वाटलं. मला वाटतं, ते विचारपूर्वक होतं. कच्च्या विटांच्या अंधाऱ्या चर्चमध्ये मेणबत्ती हलली की रंग अंधारातच राहतो, सोनं तेवढं हलतं. वस्त्र जिवंत होतं.

१६८८ मध्ये कुस्कोतले स्थानिक चित्रकार स्पॅनिश चित्रकारांच्या संघापासून वेगळे झाले. दिएगो किस्पे तितो आणि बासिलिओ सांताक्रूस पुमाकायाओ ही या परंपरेतली मोठी नावं. पुढे तर खोली, छायाप्रकाश वगैरेची काळजी मागे पडली आणि सोनं वाढत गेलं. बोलिव्हियातल्या कालामार्काच्या चर्चमधले बंदूकधारी देवदूतही याच कुळातले. लेस, पिसं, रिबिनी आणि खांद्यावर बंदूक! त्यांच्या उभं राहण्याच्या ढबी १६०७ च्या एका डच कवायतीच्या पुस्तकातल्या चित्रांशी जुळतात. पण आज मला तिथे थांबायचं नाही. बोलिव्हियातल्याच पोतोसी या चांदीच्या खाणींच्या शहरात जायचं आहे.

हे पुढचं चित्र पाहा. डोंगर आहे, लालसर, त्रिकोणी. त्याच्या माथ्यावर मरियेचा चेहरा आहे आणि बाजूंनी दोन हात. बाकी शरीर नाहीच. डोंगर हाच तिचा झगा. उतारावर वाटा, झाडं, जनावरं, बोटाएवढी माणसं. वर पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिला मुकुट घालतंय, एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. खाली गुडघे टेकलेले पोप आणि बादशहा. पायथ्याशी लहानसा इंका राजा, वायना कापाक. अठराव्या शतकातलं हे चित्र पोतोसीच्या जुन्या टांकसाळीत आहे. १७२० चं असंच एक चित्र ला पासला आहे.

डोंगराचं केचुआ नाव सुमाक उर्कु, देखणा डोंगर. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली. १५७०च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने ‘मिता’ ही वेठ लावली. नेमून दिलेल्या प्रांतांतून दर सात पुरुषांमागे एक, दरवर्षी तेरा हजारांच्या आसपास माणसं, या डोंगराच्या पोटात जायची. कितीजण परत आलेच नाहीत.

बोलिव्हियाच्या इतिहासकार तेरेसा गिस्बेर्त यांनी या चित्रात पाचामामा, म्हणजे भूमाता, पाहिली. त्यावर आक्षेपही आहेत. मरियेला डोंगर म्हणणं ख्रिस्ती लेखनातही आहे. १६२१ मध्ये ऑगस्टिनियन संघाच्या एका धर्मगुरूने तितिकाका सरोवराकाठच्या कोपाकाबानातल्या मरियेच्या मूर्तीबद्दल लिहिताना हीच उपमा वापरली. दोन्ही बाजू मी वाचल्या आणि माझं मन एका वेगळ्याच ठिकाणी अडकलं. त्या बोटाएवढ्या माणसांपाशी. ती माणसं मरियेच्या वस्त्रावर चालत आहेत. कुस्कोत देवाला लेस नेसवली, जर नेसवली. इथे तिचं वस्त्र माणसांचं झालं आहे, त्यांच्या चढण्याउतरण्याचं, त्यांच्या जनावरांचं. ज्या बाईचा नवरा त्या डोंगरात उतरला तिने या चित्राकडे पाहिलं असेल, तर तिला तिथे एक आई दिसली असेल जिने त्याला पदराखाली घेतलंय. की जिने त्याला गिळलंय? चित्र दोन्ही म्हणू देतं. चेहरा शांत ठेवल्यामुळेच म्हणू देतं. मरियेला रडवलं असतं तर त्या बाईला तिच्याजवळ रडायला जागा उरली नसती.

वस्त्राची ही ताकद सत्तेलाही कळत होती. कुस्कोचा बिशप मोयिनेदो, १६७३ ते १६९९ या काळातला, चित्रकलेचा मोठा आश्रयदाता. पण बाळ येशूच्या मूर्तीवर इंका राजाचा लाल गोंड्यांचा शिरपेच दिसला तेव्हा त्याने तो काढायला लावला. शिरपेच गेला, पण मरियेच्या खांद्यावर तिथल्या बायकांची शाल आणि छातीशी तिची टाचणी चित्रांमधून राहिली. छोटी मरिया सूत कातताना काढलेली चित्रं पाहा, हातात चाती, डोक्याला फुलांची पट्टी. माझ्या आवडीचं चित्र विचाराल तर हेच.

शेवटी पुन्हा पहिलं चित्र लावा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी तायताचाची मिरवणूक आजही निघते. लोक त्याच्यावर न्युक्चू नावाची लाल रानफुलं उधळतात. मेणबत्त्यांचा धूर आणि या फुलांचा रस बसून बसून तो काळा पडला आहे, असं तिथे सांगतात. आता चित्रातल्या मेणबत्त्या पाहा. कुणाच्या तरी घरात या रंगवलेल्या मेणबत्त्यांसमोर रोज संध्याकाळी एक खरी लावली जात होती.