पाकिटावरचा पत्ता

(बेळगावातल्या एका वाचनालयात मानवी हक्क दिनाच्या निमित्तानं दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, गेल्या महिन्यात शहापूरहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. हातात पाकीट, डिंक लावून तयार. वर पत्ता राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग, नवी दिल्ली. आत काय, तर नोटीस फक्त कन्नडमध्ये आली, मला ती मराठीतही हवी. मी म्हटलं, "काका, पोस्टाचे पैसे वाया जातील." ते रागावले. "का ओ? आम्ही अल्पसंख्याक नव्हे काय?"

आहोत की. पण तो आयोग १९९२ च्या कायद्यानं आला आणि त्या कायद्यात अल्पसंख्याक म्हणजे केंद्र सरकारनं तसे जाहीर केलेले धर्म. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. आपल्या निपाणीकडचे जैन बांधव तिथं अर्ज करू शकतात, पण जैन म्हणून, मराठी म्हणून नव्हे. भाषेसाठी वेगळा अधिकारी आहे, भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. १९५६ साली आपण मुंबई राज्यातून इकडे कर्नाटकात (तेव्हाचं म्हैसूर राज्य) आलो, त्याच साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि तीत या पदाचं कलम आलं. या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय बरीच वर्षं आपल्या बेळगावात होतं. तिथल्या बाकावर बसून आलेले लोक आजही समोर असतील. जिथं एखादी भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेतही काढाव्यात, असं केंद्रानं आणि राज्यांनी मिळून मान्य केलंय. काकांचा मुद्दा खरा होता, पत्ता चुकला होता. अर्थात बरोबर पत्त्यावर गेलं तरी आयुक्त कुणाला समन्स काढू शकत नाहीत. ते राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेसमोर ठेवला जातो. अहवाल जाड असतो. वाचणारे किती, ते तुम्हाला माहीत आहे.

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडे भेदभावाविरुद्ध एकच एक दार नाही. जातीसाठी एक आयोग, जमातीसाठी दुसरा, महिलांसाठी तिसरा, अपंगत्वासाठी आयुक्त. आणि या सगळ्यांच्या जोडीला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, ज्याच्याबद्दल मला आज मुख्यतः बोलायचंय. हा १९९३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा. आपल्या राज्याचा वेगळा आयोग बेंगळुरात आहे. दोन्हीकडे एकदम अर्ज पाठवू नका. राज्य आयोगासमोर प्रकरण असलं की दिल्लीवाले त्यात हात घालत नाहीत, कायद्यातच तसं आहे.

आता हा आयोग करतो काय? लोकांना वाटतं, तिथं न्याय मिळतो. नाही मिळत. तो कुणाला शिक्षा देत नाही, कुणाला कामावरून काढत नाही. नुकसानभरपाई द्या, खटला भरा, एवढी शिफारस करतो. न्यायमूर्ती एच. एल. दत्तू, आपल्या कर्नाटकचेच, या आयोगाचे अध्यक्ष असताना स्वतःच त्याला दात नसलेला वाघ म्हणाले होते. माझं मत थोडं वेगळं आहे. चौकशी करताना या आयोगाला दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. तो साहेबाला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शपथेवर सांगायला लावू शकतो. वाघाला दात नसतील, पण तो विचारतो आणि साहेबाला लेखी उत्तर द्यावं लागतं. ज्या माणसाला ठाण्यात कधी कुणी सरळ उत्तर दिलं नाही, त्याला या लेखी उत्तराची किंमत विचारा.

एक अर्ज कसा लिहिला ते सांगतो. खानापूर तालुक्यातली एक आजी. मुलाला मोटारपंपाच्या चोरीच्या संशयावरून एका ठाण्यात दोन रात्री बसवून ठेवलं. अटकेचा कागद नाही, मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही, तिसऱ्या दिवशी "जा घरला" म्हणून सोडलं. पोराचे तळपाय सुजलेले. आजीनं पुतण्याकडून सात पानी अर्ज लिहून आणला होता. सुरुवात बांधापासून. भावकीनं बांध कसा कोरला, पंचायतीत कोण कुणाचा, चोरीची कागाळी कुणी केली. ठाणं आलं पाचव्या पानावर.

मी सहा पानं काढून टाकली. कारण आयोगाचे नियम आहेत: जमिनीचा वाद, नोकरीची भांडणं, कोर्टात चालू असलेली बाब, निनावी पत्र, मोघम तक्रार, असलं काही दिसलं की अर्ज दारातच निकाली. तिथं बसलेला माणूस पहिला परिच्छेद वाचतो, त्यात बांध दिसला की कागद बाजूला. आणि आयोग बघतो ते सरकारी नोकरानं काय केलं, किंवा करायला हवं ते का केलं नाही. भावकीनं काय केलं हे त्याच्या कक्षेत येत नाही. शेजाऱ्यानं मारलं, ही आयोगाची तक्रार नव्हे. शेजाऱ्यानं मारलं आणि ठाण्यानं तक्रार घेतली नाही, ही आहे.

मग उरल्या बारा ओळी. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या ठाण्यात, कुणी नेलं, कुणी बघितलं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही. सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स. घटना एक वर्षाच्या आतली, हेही लिहिलं. वर्ष उलटलं की आयोग बघत नाही. मराठीतच लिहिलं. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, फी एक पैसा नाही, वकील लागत नाही. पीडित माणसाच्या वतीनं दुसरा कुणीही लिहू शकतो, म्हणून सही आजीची. म्हणजे अंगठा. आजी मात्र खूश नव्हती. वाचून दाखवल्यावर म्हणाली, "बांधाचं लिहिलंच नाहीस की रे."

अर्ज नसला तरी आयोग स्वतःहून लक्ष घालू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये इथून जवळच्या नव्या वंटमुरीत जे झालं, ते इथल्या कुणी विसरलं नसेल. मुलगा मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईची विटंबना केली. तारीख ११ डिसेंबर, मानवी हक्क दिनाच्या दुसऱ्या दिवशीची, आणि इथल्याच सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन चालू. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून आयोगानं मुख्य सचिवांना आणि पोलीस महासंचालकांना नोटीस काढली, आपलं पथक पाठवलं. उच्च न्यायालयानंही स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती तेव्हा प्रसन्न वराळे, जन्मानं निपाणीचे. ज्या निपाणीत १९२५ साली डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृतांच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं, तिथले. त्या बाईंची भाषा कुठली, हे त्या आठवड्यात मला एकानंही विचारलं नाही. सीमाभागात हे क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

पण बातमी न झालेल्यांचं काय? त्यांच्या अर्जावर बहुतेक वेळा एक ठरलेला आदेश येतो: तक्रार संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवली आहे, त्यांनी आठ आठवड्यांत कारवाई करावी, अर्जदाराला सहभागी करून घ्यावं, निकाल कळवावा. म्हणजे बेळगावचा कागद दिल्लीला जाऊन पुन्हा बेळगावलाच एसपी ऑफिसात. हसू नका. मीही पूर्वी हसायचो. जाताना तो आजीचा कागद होता, येताना त्यावर आयोगाचा केस नंबर आहे आणि आठ आठवडे मोजायला बसलेलं कुणीतरी आहे. "अर्जदाराला सहभागी करून" हे शब्द मी लाल शाईनं अधोरेखित करून देतो. चौकशी झाली आणि तुम्हाला बोलावलंच नाही, तर त्याच नंबरावर पुन्हा लिहा. तेवढ्यासाठी तो नंबर पाठ ठेवा, आधार नंबरासारखा.

आजीला पाच महिन्यांनी बोलावणं आलं. मोठ्या साहेबांच्या ऑफिसात. मी बरोबर गेलो नाही, मुद्दामच. जबाब कन्नडमध्ये लिहिला, पण तिनं आधी सांगितल्याप्रमाणं मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठा दिला नाही. पुढं एका हवालदाराची खातेनिहाय चौकशी लागली. त्या चौकशीचं काय झालं ते आजीला अजून कळलेलं नाही. त्यासाठी दुसरा अर्ज गेलाय, आठ ओळींचा.

परवा ती बाजाराला आली होती, पिशवीत रताळी. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात आयोगाचं पत्र घडी घालून ठेवलंय, ते दाखवलं. त्या ऑफिसात तिला खुर्ची दिली होती, हे तिनं मला त्या दिवशीही पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, "आता ते बांधाचं तेवढं बघ."